तराफ्यावरची बिनतारी

मुलांना ‘कॉन-टिकी’ची हकीकत सांगू लागलो की त्यांना शार्क हवे असतात, मी मात्र बिनतारीवाल्या क्नूट हाउगलानपाशी रेंगाळतो. महायुद्धात ऑस्लोच्या एका प्रसूतिगृहात यंत्र दडवून तो चोरून संदेश धाडी. १९४४ साली जर्मनांनी घेरले, तेव्हा गोळ्या झाडीत निसटला. आणि १९४७ साली पेरूहून निघालेल्या लाकडी तराफ्यावर तोच गृहस्थ एरियलची तार फुग्याला बांधून उघड्या आभाळात सोडी. कुणातरी हौशी बिनतारीवाल्याने ऐकावे म्हणून! (पोपट ती तार कुरतडी, ती पीडा निराळीच.) १०१व्या दिवशी तराफा पॉलिनेशियातील रारोइयाच्या प्रवाळखडकावर आपटला, यंत्र चिंब. खबर न गेली तर शोधमोहीम निघायची. यंत्र वाळवून हाक घातली, तर अमेरिकेतल्या एका हौशी गड्याला ‘निर्जन बेटावरून’ ही थट्टाच वाटली. अखेर रारोटोंगाच्या हौशी माणसाने ऐकले : सारे सुखरूप.