जाड चष्म्यांची वजाबाकी

वाशीमकडे मोतीबिंदूच्या शिबिरातून आलेला म्हातारा पूर्वी चष्म्यावरून ओळखू यायचा. डोळ्यातलं भिंग काढलं की साधारण प्लस दहाचा नंबर लागतो; शिबिरांत सरसकट तोच वाटत. पण ज्याला आधीच मायनस अठरा-वीस होता, त्याची वजाबाकी जवळपास शून्यावर यायची, कारण डोळ्यातलं भिंग चष्म्याच्या त्या दहापेक्षा जोरदार असतं. डोळ्यामागचा पडदा शाबूत असेल तर तो बिनचष्म्याने एसटीची पाटी वाचणार, आणि शिबिराचा चष्मा घातला तर उलट धडपडणार.

सुश्रुताची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया एवढी टिकली कशी, याचं उत्तर मला याच वजाबाकीत दिसतं. जवासारख्या टोकाच्या शलाकेने गढूळ भिंग आत ढकलायचं, ते डोळ्यातच राहू द्यायचं. मग दहा दिवस शिंक, खोकला, ढेकर वर्ज्य. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही ती आहे. आपल्या हेमाडपंती देवळांशी ज्याचं नाव जोडलंय, त्या हेमाद्रीने याच ग्रंथावर टीका लिहिली. पण तेव्हा चष्मे कुठे होते? भिंगाविना साध्या डोळ्याला माणूस दिसे, चेहरा नाही. मग वैद्याची कीर्ती गावोगाव नेली कोणी? माझ्या मते, जबर मायनसवाल्यांनी. त्यांना मोतीबिंदूही लवकर होतो, आणि त्यांच्या डोळ्यातला द्रव पातळ झालेला असल्याने ढकललेलं भिंग खाली बसतही असेल.

यावर दुसरं मत असं, की आंधळ्याला उजेड दिसला तरी पुष्कळ, आणि डोळ्यात पू धरेपर्यंत फिरता वैद्य पुढच्या गावी पोचलेला असे. मद्रासचे नेत्रतज्ज्ञ इलियट यांनी 1918 च्या पुस्तकात अशा बिघडलेल्या डोळ्यांचीच कैफियत मांडली. ते खरंच आहे. पण फसलेल्या डोळ्यांनी विद्या हजार-दीड हजार वर्षं जगत नाही. तंजावरच्या सरफोजीराजे भोसल्यांनी नेत्ररुग्णांच्या नोंदी चित्रांसह ठेवल्या, पण नंबर मोजायचं डायॉप्टर हे मापच 1872 चं. तेव्हा हा वाद तिथे मिटायचा नाही.

1890 मध्ये फुकाला या नेत्रतज्ज्ञांनी ही वजाबाकी उघडपणे वापरली: मोतीबिंदू नसतानाही जबर मायनसवाल्यांचं भिंग काढलं. पुढे पडदे सुटू लागले आणि ती पद्धत मागे पडली. 1949 मध्ये लंडनला सर्जन रिडली यांनी एका बाईच्या डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं, तर हिशेब चुकून ती बाई मायनस अठराच्या घरात गेली!

आता डोळ्याची लांबी मोजून लेन्सचा नंबर काढतात. साधा डोळा साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास, जबर मायनसवाल्यांचा सव्वीसच्या पुढे. मागची भिंत फुगलेली असेल तर माप चुकतं, आणि मिलिमीटरभर चुकीने दोन-अडीच नंबर इकडचे तिकडे होतात. जुनी सूत्रं अशा डोळ्यांना प्लसकडे ढकलत, म्हणून अनेक सर्जन मुद्दाम थोडा मायनस ठेवतात. नंबर सुटला तरी डोळा लांबच राहतो, पडदा ताणलेलाच राहतो.

घरात असं जबर मायनसवालं कोणी असेल तर ऑपरेशनला जाताना जुन्या चष्म्याचा कागद न्या, थेंब टाकून पडदा तपासून घ्या. आणि नंतर कधीही डोळ्यात वीज चमकली, काळे ठिपके वाढले किंवा पडद्यासारखी सावली आली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.