घानात स्वयंसेवक म्हणून जाताना

सुटीचे काही आठवडे जंगल, किल्ले आणि समुद्रकिनारा पाहण्यात घालवायचे आणि त्याच मुक्कामात एखाद्या शाळेत किंवा अनाथाश्रमात सेवाही करायची, अशा दुहेरी हेतूने दरवर्षी अनेक विद्यार्थी पश्चिम आफ्रिकेतील घानात जातात. परदेशी विद्यापीठांत शिकणाऱ्या मराठी तरुणांपुढेही असे प्रस्ताव येऊ शकतात. यातील भटकंतीची तयारी फारशी कठीण नाही. सेवेची निवड मात्र विचारपूर्वक करावी लागते, कारण ती चुकली तर तिची किंमत विद्यार्थ्याला नव्हे, तेथील मुलांना मोजावी लागते.

देशाची ओळख

पूर्वी 'गोल्ड कोस्ट' या नावाने ओळखली जाणारी ही ब्रिटिश वसाहत ६ मार्च १९५७ रोजी क्वामे एन्क्रूमा यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र झाली. २०२१ च्या जनगणनेनुसार देशाची लोकसंख्या सुमारे ३ कोटी ८ लाख आहे. अक्रा ही राजधानी, कुमासी हे अशांती प्रदेशाचे केंद्र, तर तामाले हे उत्तरेतील प्रमुख शहर. इंग्रजी ही राजभाषा असली, तरी बाजारात आणि घरात ट्वी, गा, एवे, दागबानी अशा भाषा बोलल्या जातात. चलन 'सेडी' आहे.

भटकंती

केप कोस्ट आणि एल्मिना येथील किल्ले बहुतेक विद्यार्थी पाहतात. एल्मिनाचा किल्ला पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये बांधायला घेतला. पुढे या किनाऱ्यावरील किल्ल्यांतून असंख्य आफ्रिकी माणसांना गुलाम म्हणून जहाजांत कोंबून समुद्रापार पाठविण्यात आले. १९७९ मध्ये युनेस्कोने या किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. तळघरातील अंधाऱ्या कोठड्या पाहताना सहलीचा गोंगाट शोभत नाही, याचे भान ठेवावे.

केप कोस्टच्या उत्तरेला काकुमचे वर्षावन आहे. तेथे झाडांच्या शेंड्यांमधून बांधलेल्या, सुमारे ३५० मीटर लांबीच्या झुलत्या पुलांवरून चालता येते. उत्तरेतील मोले राष्ट्रीय उद्यानात सशस्त्र वनरक्षकासोबत पायी फिरून हत्ती पाहता येतात. त्याच वाटेवर लाराबांगा येथे मातीची जुनी मशीद आहे.

गावोगावचा प्रवास 'ट्रोट्रो'ने होतो. आपल्याकडच्या वडापप्रमाणे ही छोटी गाडी भरल्याशिवाय सुटत नाही. रात्रीचा रस्तेप्रवास टाळणे श्रेयस्कर. समुद्रात अनेक ठिकाणी ओढ जबर असते. अकोसोम्बो धरणामुळे १९६० च्या दशकात तयार झालेल्या व्होल्टा सरोवराचा विस्तार सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर आहे. मात्र त्याच्या पाण्यातून 'बिल्हार्झिया' या कृमिरोगाची लागण होऊ शकते. म्हणून त्यात पोहण्याचा मोह आवरावा. उत्तर सीमेलगत जायचे असल्यास सुरक्षेची ताजी माहिती आधी घ्यावी.

आरोग्य व कागदपत्रे

घानात प्रवेशासाठी पीतज्वराची (यलो फीव्हर) लस घेतल्याचे प्रमाणपत्र आवश्यक असते. ते लस टोचल्यापासून दहा दिवसांनी वैध ठरते. तेथून भारतात परतताना हे प्रमाणपत्र जवळ नसेल, तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात जावे लागू शकते. मलेरियाचा धोका वर्षभर असतो. प्रतिबंधक गोळ्या निघण्यापूर्वी सुरू कराव्या लागतात आणि परतल्यानंतरही काही काळ घ्याव्या लागतात. त्याबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. स्वयंसेवेसाठी कोणत्या प्रकारचा व्हिसा लागतो, हे घानाच्या उच्चायुक्तालयाकडेच विचारावे. केवळ सहल आयोजकाच्या शब्दावर विसंबू नये.

लोकव्यवहार

भेटताच कामाचे बोलणे उद्धटपणाचे मानले जाते. आधी विचारपूस, मग विषय. उजव्या हातानेच द्यावे-घ्यावे, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. शाकाहारी मंडळींनी मात्र सावध असावे. तांदूळ आणि चवळी एकत्र शिजवून केलेला 'वाक्ये' किंवा केळ्यांसोबतची चवळीची उसळ आपल्या जिभेला मानवते. पण रश्श्यात सुकी मासळी असण्याची शक्यता असते. आधी विचारून घ्यावे. परवानगीशिवाय कोणाचे, विशेषतः मुलांचे, छायाचित्र काढू नये.

सेवेची परंपरा

अमेरिकेच्या 'पीस कोअर'ची पहिली तुकडी ३० ऑगस्ट १९६१ रोजी अक्रा येथे उतरली, तेव्हा त्या तरुणांनी विमानतळावरच ट्वी भाषेतील गीत गायले. नवस्वतंत्र देशाला माध्यमिक शाळांसाठी शिक्षक हवे होते आणि तेथील सरकारच्या संमतीने ही मंडळी प्रशिक्षण घेऊन सुमारे दोन वर्षांसाठी आली होती. मागणी यजमानांची, मुदत दीर्घ आणि काम ठरलेले, असे त्या व्यवस्थेचे स्वरूप होते. आजच्या दोन-चार आठवड्यांच्या सहलींत हा क्रम अनेकदा उलटा होतो. पाहुण्याची सुटी आधी ठरते, काम नंतर शोधले जाते.

अनाथाश्रमांचा प्रश्न

या उलट्या क्रमाचे सर्वांत गंभीर परिणाम अनाथाश्रमांत दिसले. घानाच्या समाजकल्याण विभागाने जानेवारी २००९ मध्ये केलेल्या पाहणीत, देशातील अनाथाश्रमांत असलेल्या अंदाजे ४,५०० मुलांपैकी ९० टक्क्यांपर्यंत मुले अनाथ नसल्याचे आढळले. १४८ पैकी १४० संस्थांकडे परवानाच नव्हता.

याचे कारण गुंतागुंतीचे नाही. मुलाला शिक्षण आणि दोन वेळचे जेवण मिळेल, या आशेने गरीब पालक त्याला संस्थेत ठेवतात. मुले दिसली की पाहुणे येतात, पाहुण्यांबरोबर देणग्या येतात; मग काही संस्थाचालकांना मुलांनी घरी परतणे परवडेनासे होते. शिवाय दर पंधरवड्याला नवा 'दादा' किंवा 'ताई' येऊन लळा लावते आणि निघून जाते. मुलाच्या वाट्याला पुनःपुन्हा ताटातूट येते. घानानेही मुलांना संस्थेऐवजी कुटुंबात वाढविण्याचे धोरण स्वीकारले आहे. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने संमत केलेल्या ठरावातही अनाथाश्रमांतील स्वयंसेवा व पर्यटन यांतून होणाऱ्या हानीचा उल्लेख आहे.

काम निवडताना

म्हणून थोड्या मुदतीसाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याने अनाथाश्रमातील काम स्वीकारू नये. अन्य कामांबाबत पैसे भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. हे काम कोणी मागितले? स्थानिक गवंडी किंवा शिक्षक ते करू शकणार नाही का? शुल्कातील किती रक्कम गावात पोहोचते? आणि आपण परतल्यावर ते कोण पुढे चालविणार? मुलांशी संबंध येणार असेल, तर आयोजक उमेदवाराची पूर्वचौकशी करतो का, हेही पाहावे. जो कोणालाही, केव्हाही पाठवायला तयार असतो, त्याच्यापासून दूर राहणे इष्ट.

संगणक, लेखापालन, प्रयोगशाळा किंवा परिचर्या यांचे रीतसर शिक्षण असेल आणि काही महिने राहण्याची तयारी असेल, तर तेथील शिक्षकांच्या वा कर्मचाऱ्यांच्या हाताखाली काम करता येते. तेवढा वेळ नसेल, तर घानात निव्वळ प्रवासी म्हणून जावे. स्थानिक वाटाड्या घ्यावा, गावातल्या खाणावळीत जेवावे, बाजारात खरेदी करावी. त्यातून पैसा थेट स्थानिकांच्या हाती जातो आणि कोणाच्याही मुलाला आपल्यासाठी घर सोडावे लागत नाही.