आजीचं पेव

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि मीही पिशव्या घेऊन वाण्याकडे धावलो. पंधरा किलो तांदूळ, पाच किलो तूरडाळ घरात रचली, तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं. त्या रात्री आजीचं पेव आठवलं.

पेव म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार. आमच्या सोलापूर भागात मुरमाड जागा बघून ते खणत. तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं, आत मात्र ऐसपैस. तळाला आणि कडेने कडबा लावायचा, वाळलेली ज्वारी ओतायची, तोंडावर शिळा ठेवून मातीने लिंपून टाकायचं. आतला प्राणवायू संपला की कीडही मरते. खर्च काय, तर कडबा आणि अंगमेहनत! उघडताना मात्र जपावं लागे. आधी कंदील आत सोडायचा. विझला तर तोंड उघडं ठेवून थांबायचं, नाहीतर उतरणारा गुदमरायचा.

१९७० आणि ७१ ला पाऊस कमीच झाला होता, १९७२ ला तर त्याने पाठच फिरवली. आमच्या पेवात ज्वारी होती. पण आजी सांगायची, "आम्ही पेव रात्री उघडायचो रे. दिवसा उघडलं तर कुणीतरी पदर पसरेल." शेजारच्या घरी पेव नव्हतं, कारण जमीनच नव्हती. पेवात घालायला आधी चार पोती उरावी लागतात ना! हे सांगताना आजीची मान खाली जायची.

पण पेव तरी किती पुरणार? संक्रांतीनंतर तळ लागला आणि आजीही दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. हातोडा कसा धरायचा ते तिला त्याच शेजारणीने दाखवलं. तिथे सुकडी मिळायची, आणि रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. १९४३ ला बंगालमध्ये लाखो लोक मेले, तसं इथे झालं नाही, याचं मोठं श्रेय या कामांना जातं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, तो या अनुभवानंतरच.

असो. दुसऱ्या दिवशी खाली जाऊन वॉचमनला विचारलं. त्याच्याकडे दोन दिवसांचं पीठ होतं. पाच किलो तांदूळ आणि थोडी डाळ नेऊन दिली. दिवसाढवळ्या.

महिन्याचं धान्य मी अजूनही घरात ठेवतो, त्यात चूक काहीच नाही.

काका, आपलं पेव नक्की किती पोत्यांचं होतं? आजी दरवेळी वेगळा आकडा सांगायची.