खेळ आणि राजकारण: मुंबईच्या जातवार सामन्यांची कथा

खालापूर तालुक्यांतील कुंभिवलीच्या बाजूस भातकापणी उरकली, कीं रिकाम्या झालेल्या खाचरांतून टेनिसच्या चेंडूनें क्रिकेटचे सामने रंगूं लागतात. गांवाविरुद्ध गांव, वाडीविरुद्ध वाडी, अशा त्या झुंजी असतात. मैदानाच्या कडेला पुढाऱ्यांच्या तसबिरी असलेले फलक लागतात. चषकहि बहुधा त्यांपैकींच कोणाच्या तरी नांवाचा असतो. आणि तरीहि प्रेक्षकांत एखादा राजकीय वाद निघाला, तर कोणी तरी वडीलधारा मनुष्य म्हणतोच, "अरे, खेळांत राजकारण नको." हें वाक्य ऐकून प्रस्तुत लेखकास नेहमीं मौज वाटते. फलक चालतो, चषक चालतो, बोलणें मात्र चालत नाहीं! परंतु त्या वाक्यांत कांहींच तथ्य नाहीं, असेंहि नव्हे. दिवसभराचा शीण घालविण्यासाठीं चार माणसें एकत्र जमतात. तेथेंहि निवडणुकीचा तंटा कां, असें त्यांस वाटलें तर तें साहजिकच आहे. छंदाच्या मेळाव्यांत राजकारणाची चर्चा असावी कीं नसावी, हा प्रश्न नवा नाहीं. मुंबईच्या क्रिकेटनें तो साठसत्तर वर्षें भोगला, आणि त्या कथेकडे पाहिलें तर वडीलधाऱ्यांच्या त्या उपदेशाचा अर्थ जरा निराळा दिसूं लागतो.

कथेचा आरंभ घोड्यांच्या टापांपासून होतो. एस्प्लनेडच्या मैदानावर पारशी व इतर एतद्देशीय तरुण क्रिकेट खेळत. बाँबे जिमखान्याचें स्वतःचें राखीव मैदान होतें, तरी तेथील युरोपियन सभासद या सार्वजनिक मैदानावर पोलो खेळत आणि घोड्यांच्या टापांनीं त्याची हिरवळ उखडून निघे. खेळणारांनीं 1881 सालीं सरकाराकडे दाद मागितली. निकाल एकदां त्यांच्या बाजूनें लागला आणि पुन्हां फिरला. या झगड्याची हकीकत शापूरजी सोराबजी यांनीं 1897 च्या आपल्या पुस्तकांत दिली आहे. अर्ज करणारे तरुण कांहीं स्वराज्य मागत नव्हते. चेंडू सरळ उसळावा, एवढीच त्यांची मागणी. पण ती मागतांच राज्यकर्ता कोण आणि प्रजा कोण, हा प्रश्न आपोआप उभा राहिला. मैदानांत राजकारण कोणीं आणलें म्हणावें? अर्ज लिहिणारांनीं, कीं घोडे आणणारांनीं?

पुढें सरकारनें समुद्रकांठीं जमातवार जागा दिल्या. पारशांचा जिमखाना झाला. लॉर्ड हॅरिस यांच्या अमदानींत मुसलमानांचा झाला, आणि 1894 सालीं हिंदूंचा. युरोपियन व पारशी यांच्या सामन्यांत 1907 पासून हिंदु सामील झाले, 1912 पासून मुसलमान, आणि 1937 सालीं ख्रिस्ती वगैरे उरलेल्यांचा 'रेस्ट' हा संघ येऊन पंचरंगी सामने झाले. ज्या जिमखान्याच्या दारावरच जमातीचें नांव कोरलेलें, त्याच्या व्हरांड्यांत 'येथें राजकारण नको' असें म्हणणें म्हणजे पावसांत उभें राहून पाण्याचें नांव न काढण्यासारखें होतें.

तथापि या कथेचा खरा गाभा पोलोंतहि नाहीं आणि पंचरंगींतहि नाहीं. तो पुण्याच्या एका मातीच्या भांड्यांत आहे. पाळवणकर बाळू हे चर्मकार समाजांतले. जन्म 1876 सालचा. पुण्यास युरोपियनांच्या क्लबांत महिना चार रुपयांवर ते मैदान झाडीत, पाणी मारीत, जाळें बांधीत. सरावासाठीं गोलंदाजी करतां करतां त्यांच्या डाव्या हाताला अशी सिद्धि आली, कीं साहेबलोक त्यांची गोलंदाजी खेळण्यासाठीं मुद्दाम येऊं लागले. फलंदाजी मात्र त्यांच्या वांट्यास तेथें कधीं आली नाहीं. त्यांची कीर्ति पसरली तेव्हां पुण्याच्या हिंदु क्लबापुढें पेंच पडला. जिंकावयाचें तर बाळू हवे, आणि बाळू तर अस्पृश्य. त्यावर तोडगा निघाला तो आपल्या समाजाच्या स्वभावाला साजेसाच निघाला. बाळूंनीं टाकलेला चेंडू सर्वांनीं हातांत घ्यावा, त्याला विटाळ नाहीं. पण चहाच्या वेळीं बाळूंना चहा मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यांतून द्यावा. जेवणाचें ताटहि वेगळें, आणि बसणेंहि वेगळें.

त्या मंडपांत बसलेल्यांपैकीं एखाद्यानें जर म्हटलें असतें, "गड्यांनो, हें बरें नव्हे," तर त्याला काय उत्तर मिळालें असतें? आम्हांस तर वाटतें, कीं "आपण येथें खेळावयास जमलों आहों; सुधारणेचा वाद सभेंत घाला," असेंच तें असतें. आणि तें उत्तर देणारा मनुष्य दुष्टच असला पाहिजे, असें नाहीं. त्याला खरोखरच शांतता हवी असेल. मात्र ती शांतता बाहेर उभें राहून चहा पिणाराच्या खर्चानें त्याला मिळत होती.

बाळू पुढें मुंबईस आले. फेब्रुवारी 1906 मध्यें हिंदूंनीं युरोपियनांस 109 धांवांनीं हरविलें, त्या संघांत बाळू होते आणि त्यांचे बंधु शिवराम हेहि होते. ज्या काळीं स्वदेशीची चळवळ पेटली होती, त्या काळीं हा विजय लोकांनीं निव्वळ खेळाचा मानला नाहीं, यांत नवल तें काय! 1911 सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ इंग्लंडास गेला. त्या दौऱ्यांत बाळूंनीं शंभराहून अधिक बळी घेतले. इतकें करूनहि हिंदूंच्या संघाचें कर्णधारपद त्यांच्याकडे आलें नाहीं. 1920 सालीं बाळूंस वगळून व त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांस डावलून संघ निवडला, तेव्हां पाळवणकर बंधूंनीं अंग काढून घेतलें आणि आपलें म्हणणें वृत्तपत्रांतून मांडलें. खेळाच्या गोष्टी चव्हाट्यावर आणल्याचा दोष आज कोणी त्यांस देईल काय? 1923 सालीं विठ्ठल कर्णधार झाले, आणि त्या वर्षीं चौरंगी सामने हिंदूंनीं जिंकले. त्याच वर्षीं मुंबई कायदेमंडळांत रावबहादुर बोले यांचा पाणवठे खुले करण्याचा ठराव संमत झाला होता. आणि त्यानंतर चारच वर्षांनीं, 20 मार्च 1927 रोजीं, आमच्याच कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या रायगडांत, महाडच्या चवदार तळ्याचें पाणी डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी ओंजळीनें प्याले. पुण्याच्या मंडपाबाहेरचें तें मातीचें भांडें आणि महाडचें तळें या एकाच प्रश्नाच्या दोन जागा होत. एकीला आपण खेळ म्हणतों, दुसरीला राजकारण.

पुढें खुद्द बाळूच राजकारणांत आले. 1932 च्या पुणें करारावर त्यांची सही आहे, आणि 1937 च्या निवडणुकींत काँग्रेसनें त्यांना आंबेडकरांविरुद्ध मुंबईंत उभें केलें. ते हरले. खेळाडूची कीर्ति दुसऱ्याच्या कामीं कशी लावली जाते, त्याचें हें उदाहरण म्हणावें कीं बाळूंचें स्वतःचें मत म्हणावें, याविषयीं मतभेद होऊं शकेल. आमच्या मतें ते कोणाच्या हातचें बाहुलें नव्हते.

आतां दुसरी बाजू. डिसेंबर 1940 मध्यें हिंदु जिमखान्याचें शिष्टमंडळ वर्ध्यास गांधीजींकडे गेलें. वैयक्तिक सत्याग्रह चालू होता, पुढारी तुरुंगांत होते, युरोपांत युद्ध पेटलें होतें. अशा वेळीं पंचरंगी खेळावी काय, असा सवाल होता. गांधीजींनीं सामने बंद व्हावे असें मत दिलें. शिवाय महाविद्यालयांचे किंवा संस्थांचे सामने समजूं शकतात, पण धर्मवार संघ कशासाठीं, असेंहि विचारलें. यावर मोठें वादळ उठलें. सामन्यांचे कैवारी म्हणत, कीं हिंदु व मुसलमान प्रेक्षक तेथें मांडीला मांडी लावून बसतात, शत्रूच्या फटक्यालाहि टाळ्या देतात. महात्म्यांनीं आमच्या करमणुकींत लक्ष घालूं नये. या म्हणण्यांत सत्य होतें. पण गंमत अशी, कीं खेळांतील जमातवारी काढून टाका असें म्हणणारावर राजकारणाचा आरोप झाला, आणि ती तशीच राहूं द्या म्हणणारे शुद्ध क्रीडाप्रेमी ठरले! त्याच जिमखान्यानें 1937 सालीं नव्या ब्रेबोर्न स्टेडियममधील बैठकींच्या वांटणीवरून अंग काढून घेतलें होतें. तेव्हां मात्र करमणुकीचा भंग कोणाला आठवला नव्हता.

1942 सालीं पंचरंगी झाली नाहीं. त्या हंगामांत आमच्या कर्जत-खालापूरच्या डोंगरांत निराळाच डाव चालला होता. 1915 पासून खोपोलीची वीज मुंबईस जात होती. माथेरानचे वकील भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्यानें या भागांतले विजेचे मनोरे पाडून मुंबईचा पुरवठा तोडण्याचा उद्योग मांडला होता. 2 जानेवारी 1943 रोजीं सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांनीं कोतवाल आणि हिराजी पाटील पडले. आज तरुण मंडळी छंद म्हणून सिद्धगड चढतात, आणि तेथील स्मारकापाशीं क्षणभर थांबून पुढें जातात. गिर्यारोहणांत राजकारण नको म्हणणाऱ्यानेंहि त्या ठिकाणीं काय करावें, हें आम्हांस सांगतां येणार नाहीं.

पंचरंगी पुढल्या वर्षीं पुन्हां सुरू झाली. त्या वर्षींच्या अंतिम सामन्यांत रेस्टतर्फे विजय हजारे यांनीं संघाच्या 387 धांवांपैकीं एकट्यानें 309 केल्या. 1944 च्या अंतिम सामन्यांत मुसलमानांच्या संघानें हिंदूंस एका गड्यानें हरविलें, के. सी. इब्राहिम 137 धांवांवर नाबाद राहिले. ज्यांना त्या सामन्यांविषयीं शेवटपर्यंत ममता वाटली त्यांच्या आठवणींत हा दिवस फार वरच्या जागीं आहे, आणि तें योग्यहि आहे. तसा चुरशीचा खेळ कोणत्याहि ठरावानें घडवून आणतां येत नाहीं.

जानेवारी 1946 मध्यें ते सामने कायमचे संपले. इब्राहिम 1948-49 च्या हंगामांत भारतातर्फे चार कसोटी सामने खेळले. नंतर ते कराचीस राहावयास गेले, आणि 2007 सालीं तेथेंच वारले.