पाच कंटेनर आणि एक जहाज

वर्गात समस्थानिके शिकवताना आपण सांगतो, की निसर्गात मिळणाऱ्या युरेनियममध्ये युरेनियम-235 जेमतेम 0.7 टक्के असते. हे प्रमाण वाढवण्यासाठी युरेनियम हेक्झाफ्लोराइड वायू हजारो सेंट्रिफ्यूजमधून फिरवावा लागतो. पण सेंट्रिफ्यूजचे सुटे भाग म्हणजे दिसायला नळ्या, कड्या आणि झाकणे! गोदीतल्या कारकुनाने ते ओळखावेत कसे? आम्हां संशोधकांपैकीही बहुतेकांना ते ओळखता येणार नाहीत. जहाजमालकाला तर तेवढेही दिसत नाही. कंटेनर सीलबंद येतो. हाती असते फक्त मालाची कागदपत्रे.

डिसेंबर 2002 मध्ये स्पेनच्या नौदलाने अरबी समुद्रात 'सो सान' हे जहाज अडवले. सिमेंटच्या गोण्यांखाली उत्तर कोरियाची 15 स्कड क्षेपणास्त्रे निघाली. मात्र ती येमेनने विकत घेतली होती आणि या व्यवहाराला आंतरराष्ट्रीय कायद्याची बंदी नव्हती. जहाज सोडून द्यावे लागले. नुसत्या युद्धनौकांनी भागत नाही, हे त्यातून उघड झाले.

ऑक्टोबर 2003 मध्ये 'बीबीसी चायना' हे जहाज दुबईहून लिबियाकडे निघाले. (लंडनच्या नभोवाणीशी या नावाचा काही संबंध नाही.) त्यावरच्या पाच कंटेनरांत मलेशियात घडवलेले सेंट्रिफ्यूजचे भाग होते, कागदोपत्री मात्र 'वापरलेले यंत्रभाग'. व्यवहारामागे होते पाकिस्तानचे अब्दुल कादीर खान, म्हणजे धातुशास्त्राचे डॉक्टर, आमच्याच बिरादरीतले. हे सांगताना आम्हांला संकोच वाटतो.

हेरखात्यांना सुगावा लागला होता. जहाज जर्मन कंपनीचे होते. जर्मन सरकारने कंपनीला विनंती केली, कंपनीने कप्तानाला कळवले आणि सुएझ कालवा ओलांडल्यावर जहाज इटलीतल्या तारांतो बंदराकडे वळले. ना पाठलाग, ना तोफ. मालकाने नकार दिला असता, तर प्रकरण कायद्याच्या कीसात अडकले असते, असे आम्हांला वाटते.

19 डिसेंबर 2003 रोजी लिबियाने अण्वस्त्रांचा कार्यक्रम सोडल्याचे जाहीर केले. त्याचे सारे श्रेय या जहाजाला देऊ नये. अमेरिका व ब्रिटनशी लिबियाची बोलणी त्याच वर्षीच्या मार्चपासून चालू होती. पण तारांतोनंतर नाकबूल करायला जागा उरली नाही.

तरीही त्याच जहाजावरचा एक कंटेनर तपासातून निसटला. मार्च 2004 मध्ये तो त्रिपोलीला पोचला आणि ही गोष्ट लिबियानेच आपणहून कळवली.