त्रुटिसंदेश-दर्शन

सर्व्हरवर चालणाऱ्या स्क्रिप्टमधील चूक ब्राउझरच्या पडद्यावर दाखवण्याची सोय. ती बंद असली की बिघडलेले पान कोरे दिसते किंवा नुसता ५०० हा आकडा येतो. पीएचपी भाषेत ‘डिस्प्ले_एरर्स’ ही मांडणी संदेश दाखवायचा की नाही ते ठरवते. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीतच ती चालू करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा. त्याच फाइलीत एखादा अर्धविराम सुटला असेल तर फाइल चालतच नाही, मग आतली सूचना पाळणार कोण? म्हणून ती ‘पीएचपी.आयएनआय’ या मांडणी-फाइलीत द्यावी लागते.

संदेश लपवणे म्हणजे चूक झाकणे, असा आक्षेप घेतला जातो. पण संदेशातून फाइलींचे मार्ग, क्वचित डेटाबेसचा तपशीलही उघड होतो. ताडकळससारख्या गावातून मोबाइलवर सातबारा पाहणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. घुसखोराला मात्र आहे. शिवाय ‘लॉग_एरर्स’ चालू असल्यास तोच मजकूर लॉगमध्ये जसाच्या तसा राहतो, त्यामुळे झाकले काहीच जात नाही. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी.नेटमधील ‘रिमोटओन्ली’ हा पर्याय यात सर्वांत समंजस: सविस्तर चूक सर्व्हरच्याच यंत्रावर बसलेल्याला दिसते, बाहेरच्याला नाही.