सात तुकड्यांचा इतिहास

इतिहास ऐकावयास आलेल्या मंडळींपुढे पुठ्ठ्याचे सात तुकडे मांडले, तर वक्त्याची चेष्टा होण्याचाच संभव अधिक. तरीही आज आम्ही तेच करणार आहोत.

या खेळास 'टॅनग्रॅम' म्हणतात. एका चौरसाचे सात तुकडे करावयाचे : पाच काटकोन त्रिकोण, एक लहान चौरस व एक समांतरभुज चौकोन. समोर नुसती काळी आकृती असते. हंस, नाव, पळता माणूस. सातही तुकडे वापरून, एकावर दुसरा न चढविता, ती जुळवावयाची. नवखा मनुष्य बारीक टोकांपासून आरंभ करतो आणि फसतो. सरावलेला आधी दोन मोठे त्रिकोण बसवितो. कारण अर्धे क्षेत्रफळ त्यांतच असते. समांतरभुज तुकडा उलटा करूनही पाहावा लागतो, हे त्याला ठाऊक असते. मधला त्रिकोण, चौरस आणि समांतरभुज हे तिन्ही क्षेत्रफळाने अगदी सारखे. पण डोळा ते मान्य करीत नाही! दिवसभराच्या कामानंतर अर्धा तास हे तुकडे हलवीत बसावे, मन निवते.

हा खेळ चीनचा. तेथे त्याला 'छीछ्याओपान', म्हणजे कौशल्याच्या सात फळ्या म्हणतात. सोंग राजवटीत मेजवानीची मेजे निरनिराळ्या रीतींनी जुळवून मांडण्यावर ग्रंथ झाला. 1617 मध्ये त्रिकोणी मेजांचीही त्यात भर पडली. तेथूनच या खेळाची कल्पना निघाली असावी. परंतु प्रत्यक्ष खेळावरील सर्वांत जुने ज्ञात पुस्तक 1813 सालचे. पुढे चारपाच वर्षांतच अमेरिका व युरोप या खेळाने वेडे झाले.

मग 1903 साली सॅम लॉइड या अमेरिकन कोडेकाराने एक पुस्तक काढले. त्यात त्याने लिहिले की, हा खेळ चार हजार वर्षांपूर्वी 'टॅन' नामक देवाने निर्माण केला आणि त्यावर सात प्राचीन ग्रंथ होते. केवढी भव्य कथा! जाणत्यांनीही ती खरी मानली. ऑक्सफर्ड कोशाचे संपादक सर जेम्स मरे यांनी मात्र चीनमध्ये असलेल्या आपल्या मुलामार्फत तेथील विद्वानांकडे चौकशी केली. असा देव नाही, असा मनुष्य नाही, असे ग्रंथही नाहीत, असे उत्तर आले. लॉइडने थट्टा केली होती. लोकांनी तिचा इतिहास केला.

आम्हांस हसू येते. पण ते फार वेळ टिकत नाही. आपल्या गावचे देऊळ, आपले घराणे, आपला किल्ला हजारभर वर्षे अधिक जुना निघावा, असे कोणास वाटत नाही? प्राचीनतेची बाह्याकृती डोळ्यांस सुखावते, आणि आत कोणते तुकडे आहेत हे विचारावयाचे राहून जाते. चार हजार वर्षांची कथा गेली म्हणून या खेळाचे काय उणे झाले? दोनशे वर्षांचे खरे वय घेऊनही तो तितकाच सुंदर आहे.

घरी गेल्यावर पुठ्ठा कापून पाहा. आकृती मनासारखी दिसू लागली, तरी एक तुकडा हातात उरला असेल तर ती मोडावी आणि पुन्हा मांडावी. इतिहासाच्या अभ्यासकानेही याहून वेगळे काय करावयाचे असते?